साथीदाराचा चांगुलपणा उसना का असतो?

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ हा सिनेमा आला, तेव्हा आम्ही वस्तीत चालवतो त्या अभ्यासिकेत दहावी-बारावीच्या पोरांचे जोरदार भांडण झाले. एक जण म्हणाला, “सॅम विल्सन कसला कॅप्टन अमेरिका? तो तर हेल्पर होता ना!” दुसरा म्हणाला, “त्याच्या अंगात ते औषधच नाही. स्टीव्ह रॉजर्सच खरा.” तिसरा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो वहीतून मान वर न काढता म्हणाला, “हेल्परला मालकाची खुर्ची मिळाली की लोकांना असंच होतं.” खोलीत एकदम शांतता झाली.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हे कळले तेव्हा ते वैतागले. “अरे, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज अडकलेत आणि तुम्ही कॉमिक्सवर वाद घालत बसता?” त्यांचा राग आम्ही समजू शकतो. अर्जांसाठी आम्ही खेटे घालतोच आहोत. पण ज्या समाजाला हजारो वर्षे गोष्टी सांगूनच त्याच्या जागेवर बसवले गेले, कोण राजा, कोण दास आणि कोणी अंगठा कापून द्यायचा हे ज्याला गोष्टीतूनच शिकवले गेले, त्या समाजाने गोष्टीला पोरखेळ समजू नये. म्हणून त्या भांडणानंतर आम्ही मुद्दाम हा विषय वाचून काढला. जे हाती लागले ते मांडतो आहोत.

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये नायकाचा साथीदार जवळपास सुरुवातीपासून आहे. बॅटमॅन १९३९ साली आला, त्याचा रॉबिन १९४० साली. साथीदाराचे काम ठरलेले. नायकाला बोलायला कोणीतरी हवे, त्याची हुशारी दिसावी म्हणून प्रश्न विचारायला कोणीतरी हवे, आणि कथा थंडावली की संकटात सापडायला कोणीतरी हवे. वाचक मात्र या साथीदारांवर मनापासून जीव लावतात. त्यामुळे एखाद्या लेखकाने साथीदाराचा स्वभाव बदलला, भूतकाळ बदलला किंवा त्याला मारून टाकले, की चाहत्यांत वाद पेटतो. एक बाजू म्हणते, ‘लेखकाने पात्राचा घात केला.’ दुसरी म्हणते, ‘लेखकाचे स्वातंत्र्य आहे, गोष्ट आहे, गोष्टीसारखी घ्या.’

आमचे म्हणणे असे की हा वाद क्षुल्लक नाही. कोणत्या पात्राचा भूतकाळ कोण आणि कसा बदलतो, यात त्या समाजाची अख्खी उतरंड दिसते. तिचा नियम आम्ही एका वाक्यात सांगतो. नायकाच्या जातकुळीतल्या माणसाचा वाईटपणा उसना असतो, आणि खालच्या समजल्या गेलेल्या साथीदाराचा चांगुलपणा उसना असतो.

जुन्या काळापासून पाहू. मँड्रेक हा जादूगार १९३४ पासून वर्तमानपत्रांच्या चित्रपट्ट्यांत आला. आपल्याकडच्या एका पिढीने तो टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये मराठीतून वाचला आहे. त्याचा साथीदार लोथार आठवतो? आफ्रिकेतला राजपुत्र, जगातला सर्वांत बलवान माणूस. हा माणूस आपले राज्य सोडून एका गोऱ्या जादूगाराच्या मागे का फिरतो? सुरुवातीच्या चित्रांत तो बिबट्याचे कातडे पांघरतो, मोडकेतोडके इंग्रजी बोलतो, आणि मालकाच्या शब्दाबाहेर जात नाही. १९६५ नंतर फ्रेड फ्रेडरिक्स हे चित्रकार आले आणि लोथारचे कपडे सुधारले, भाषाही सुधारली. म्हणजे तीस वर्षे त्या राजपुत्राला सरळ बोलता येत नव्हते आणि मग एकाएकी येऊ लागले. पहिल्यापासून अडचण त्याच्या जिभेत नव्हती, लिहिणाऱ्याच्या लेखणीत होती.

आता फाल्कनकडे येऊ. स्टॅन ली आणि जीन कोलन यांनी सॅम विल्सन ऊर्फ फाल्कन १९६९ साली ‘कॅप्टन अमेरिका’च्या ११७ व्या अंकात आणला. मुख्य प्रवाहातल्या कॉमिक्समधला हा पहिला आफ्रिकन-अमेरिकन सुपरहिरो. ब्लॅक पँथर त्याच्या तीन वर्षे आधी आला होता, पण तो आफ्रिकेतल्या एका काल्पनिक देशाचा राजा. सॅम हा हार्लेममधला, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतला साधा माणूस. आणि पेशाने कोण? समाजसेवक! वस्तीतल्या पोरांमागे धावणारा, भांडणे सोडवणारा. आम्हीही तेच काम करतो, म्हणून हे वाचताना अंगावर काटा आला हे कबूल करतो. त्याची मैत्रीण लैला ही जहाल विचारांची. गोऱ्या कॅप्टनच्या मागे का फिरतोस, असे ती त्याला तोंडावर विचारते. लोथारला जो प्रश्न तीस वर्षांत कोणी विचारला नाही, तो इथे कथेतच विचारला गेला. १९७१ ते १९७८ या काळात मुखपृष्ठावरच्या शीर्षकात कॅप्टन अमेरिकेच्या जोडीला फाल्कनचेही नाव छापले जात होते.

आणि मग १९७५ साली १८६ वा अंक आला. त्यात रेड स्कल हा नाझी खलनायक एक गौप्यस्फोट करतो. सॅम विल्सन हा समाजसेवक वगैरे काही नव्हताच! तो मुळात ‘स्नॅप’ विल्सन नावाचा, गुन्हेगारी टोळीसाठी काम करणारा भुरटा गुंड होता. विमान कोसळून तो बेटावर सापडला, तेव्हा रेड स्कलने ‘कॉस्मिक क्यूब’ नावाच्या जादुई वस्तूने त्याचे मन पुसले आणि त्यात सज्जन, ध्येयवादी माणूस भरला. कशासाठी? कॅप्टन अमेरिकेला असाच काळा मित्र आवडेल म्हणून!

काय झाले ते नीट पाहा. हार्लेममध्ये काम करणारा एक प्रामाणिक काळा माणूस सहा वर्षे वाचकांसमोर उभा होता. त्याचा प्रामाणिकपणा त्याचा नव्हताच, एका नाझीने तो त्याच्यात घातला होता, असे ठरले. त्याचा स्वतःचा म्हणून जो ऐवज उरला, तो फक्त गुन्हा. पुढच्या अंकांत त्याच्यावर खटलासुद्धा चालवला गेला.

हे लिहिणारा कोणी उघड वंशद्वेष्टा नव्हता. कथा स्टीव्ह एंगलहार्ट यांची, संवाद जॉन वॉर्नर यांचे. एंगलहार्ट यांनीच त्याच्या आदल्या वर्षी वॉटरगेट प्रकरणाच्या छायेत कॅप्टन अमेरिकेचा सत्तेवरचा विश्वास उडालेला दाखवला होता. म्हणजे पुरोगामी लेखक. पण धक्का द्यायचा ठरला तेव्हा हाताशी सर्वांत स्वस्त काय होते? काळ्या माणसाचा भूतकाळ. आपल्याकडच्या पुरोगाम्यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

याच कॅप्टन अमेरिकेचा दुसरा साथीदार पाहा. बकी बार्न्स, गोरा मुलगा, १९४१ च्या पहिल्याच अंकापासून सोबत. तो युद्धात मेला असे १९६४ साली सांगण्यात आले. २००५ मध्ये एड ब्रुबेकर यांनी त्याला परत आणला, तो ‘विंटर सोल्जर’ म्हणून. सोव्हिएतांनी त्याचे मन पुसले होते आणि त्याने अनेक माणसे मारली होती. पण वाचकाला पहिल्यापासून काय सांगितले गेले? हा खरा बकी नाही. याच्या मनात हे बाहेरून भरले आहे. आतला बकी निर्मळ आहे, त्याला फक्त जागे करायचे आहे. २००८ मध्ये त्याच बकीच्या हाती कॅप्टन अमेरिकेची ढाल आली.

दोघांचेही मन पुसले, दोघांच्याही मनात परके काहीतरी भरले. बकीच्या मनात भरला तो खून, मुळातला बकी सज्जन. सॅमच्या मनात भरली ती सज्जनता, मुळातला सॅम गुंड. हा योगायोग आहे असे कोणाला म्हणायचे असेल, तर त्यांनी पुढचे उदाहरणही ऐकावे.

२०१६ मध्ये खुद्द स्टीव्ह रॉजर्सचा भूतकाळ बदलला गेला. तो लहानपणापासून ‘हायड्रा’ या फॅसिस्ट संघटनेचा माणूस होता असे निक स्पेन्सर यांनी लिहिले. इथेही तोच रेड स्कल आणि तोच कॉस्मिक क्यूब! चाहत्यांनी आकाशपाताळ एक केले. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी नाझींविरुद्ध उभा केलेला नायक तुम्ही फॅसिस्ट करता कसा, हा सवाल रास्तच होता. मग २०१७ मध्ये त्याच कथेच्या शेवटी निष्कलंक असा खरा रॉजर्स परत आला आणि सगळी घाण एका तोतया रॉजर्सच्या अंगावर गेली. सव्वा वर्षात नायक धुऊन निघाला. सॅमचे काय झाले? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जे. एम. डीमॅटिस यांनी सॅमला सहानुभूतीने पुन्हा लिहिले. वडील धर्मोपदेशक, आईवडिलांचे हिंसक मृत्यू, त्या दुःखातून वाकडी वाट. म्हणजे ‘स्नॅप’ का झाला याचे कारण मिळाले, पण ‘स्नॅप’ गेला नाही. सॅमसाठी तोतया उभा करून त्याच्या अंगावर ती घाण टाकावी, हे सुचले नाही.

हा तर्क आम्हाला फार जवळून माहीत आहे. १८७१ साली इंग्रजांनी या देशात कायदा करून कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण आजही पारधी समाजाचा मुलगा नीट शाळेत जाऊ लागला की लोक म्हणतात, ‘संस्थेने सुधारला.’ आणि तोच मुलगा एकदा चुकला की म्हणतात, ‘शेवटी जातीवर गेला.’ त्याचे चांगले वागणे संस्थेच्या खात्यात, वाईट वागणे जन्माच्या खात्यात. वरच्या घरातला मुलगा चुकला की ‘संगत वाईट लागली.’ त्याचे वाईट वागणे संगतीच्या खात्यात, चांगले वागणे घराण्याच्या संस्कारांच्या खात्यात. बकीला वाईट संगत लागली होती आणि सॅम जातीवर गेला होता! न्यूयॉर्कच्या लेखकाने आपला गावगाडा पाहिला नव्हता. पण उतरंड कुठलीही असो, हिशेबाची वही सारखीच लिहिली जाते.

हे केवळ कातडीच्या रंगापुरते नाही, हेही सांगितले पाहिजे. बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, हा गोराच. १९८३ मध्ये तो आला तेव्हा सर्कशीतल्या कसरतपटूंचा गुणी मुलगा होता. १९८७ मध्ये त्याचा भूतकाळ नव्याने लिहिला गेला आणि तो रस्त्यावरचा अनाथ पोर झाला, बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरताना सापडलेला. गरीब केल्यावर त्याचा स्वभावही बदलला. तो तापट, उद्धट, न ऐकणारा असा लिहिला जाऊ लागला. चाहत्यांतल्या अनेकांना तो नकोसा झाला. मग १९८८ मध्ये प्रकाशकाने दोन फोन नंबर छापले, एक त्याला जगवायला आणि एक मारायला. प्रत्येक फोनला ५० सेंट. ५,३४३ मते मारण्याच्या बाजूने पडली, ५,२७१ जगवण्याच्या. ७२ मतांनी एक पोरगा मेला. आधी गरिबाला तिरसट लिहायचे, मग तिरसट म्हणून त्याच्यावर मतदान घ्यायचे, आणि त्या मतदानाचेही पैसे घ्यायचे! बाजाराने चाहत्यांच्या रागाचाही गल्ला भरला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप लेखकाच्या स्वातंत्र्याचा. स्वातंत्र्य आम्हालाही प्रिय आहे. दलित साहित्याला अश्लील, असभ्य म्हणून नाके मुरडली गेली, तेव्हा लेखकाच्या स्वातंत्र्याची किंमत आम्ही मोजली आहे. पण लेखकाला लिहिण्याचे स्वातंत्र्य आहे, तसे वाचकाला त्याचा हिशेब मागण्याचेही आहे. हिशेब मागणे म्हणजे बंदी घालणे नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘मग साथीदाराला काय देवमाणूस दाखवायचा? त्याने कधी चुकायचेच नाही?’ नाही, आम्ही असे म्हणत नाही. उलट सोज्वळ, सोशिक, मालकासाठी जीव देणारा सेवक हा तर लोथारचाच पिंजरा आहे. आमच्याच काही मित्रांना काळे किंवा दलित पात्र चुकताना दिसले की लगेच अपमान वाटतो. आम्हाला ते मान्य नाही. चुकण्याचा हक्क हा माणूसपणाचाच भाग आहे. आमचा आक्षेप सॅमने गुन्हा केला असण्याला नाही. त्याचे चांगले असणे त्याच्याकडून काढून घेण्याला आहे.

भूतकाळ बदलूनही माणसाला मोठे करता येते. २००३ मध्ये रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर या दोघांनी ‘ट्रुथ : रेड, व्हाइट अँड ब्लॅक’ ही सात अंकांची मालिका केली. कॅप्टन अमेरिकेला बलवान करणारे ते औषध आधी काळ्या सैनिकांवर गिनिपिगसारखे वापरले गेले आणि त्यातून आयझाया ब्रॅडली नावाचा माणूस वाचला, अशी ती कथा. तिच्यामागे टस्कीगीचा खरा इतिहास आहे. तिथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ या काळात शेकडो काळ्या पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहिला. ही मालिका आली तेव्हाही ‘आमच्या नायकाचा इतिहास बिघडवला’ म्हणून काही चाहते खवळले. पण इथे कोणाचा चांगुलपणा चोरला गेला नव्हता. जो इतिहास दडवला होता तो समोर आला होता. सॅमचा इतिहास बदलणे आणि आयझायाचा इतिहास सांगणे यात हाच फरक आहे, आणि तो ओळखता आला पाहिजे.

तिसरा आक्षेप : ‘आता सॅमलाच ढाल दिली ना, मग प्रश्न मिटला.’ कॉमिक्समध्ये २०१४ मध्ये तो कॅप्टन अमेरिका झाला, पुढे पडद्यावरही झाला. पडद्यावर ‘स्नॅप’ आला नाही. तिथला सॅम युद्धातून परतलेल्या सैनिकांना मानसिक आधार देणारा समुपदेशक आहे, म्हणजे समाजसेवकाचा धागा त्यांनी जपला. हे चांगलेच झाले. २०२१ च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ या मालिकेची मुख्य लेखणी माल्कम स्पेलमन या काळ्या लेखकाकडे होती, आणि फरक दिसतो. जग वाचवलेला सॅम बहिणीसोबत बँकेत कर्ज मागायला जातो आणि कर्ज नाकारले जाते. त्याने परत केलेली ढाल सरकार एका गोऱ्या सैनिकाला देऊन टाकते. म्हातारा आयझाया त्याला ढालीचा रक्ताळलेला इतिहास ऐकवतो. हे लिहायला ते जगावे लागते. पण एका माणसाच्या हाती ढाल आली म्हणजे उतरंड मोडली असे समजायचे असेल, तर आपल्याकडे राखीव जागेवरून एक जण निवडून आला की जात संपली असेही समजावे लागेल. आमच्या अभ्यासिकेतला पोरगा अजून ‘हेल्पर’ म्हणतोच आहे.

मग करायचे काय? १९४५ सालचे उदाहरण आहे. फॉसेट कंपनीच्या ‘कॅप्टन मार्व्हल’मध्ये स्टीमबोट नावाचा काळा नोकर होता. जाड ओठ, वेडगळ बोली, हास्यास्पद. न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचा एक गट थेट संपादकांना जाऊन भेटला. हे चित्र आमचे नाही, पण लाखो पोरांना ते आमचेच वाटेल, असा त्यांच्या तक्रारीचा सूर होता. स्टीमबोट बंद झाला. शाळकरी पोरांनी ते केले!

२००४ मध्ये स्टेफनी ब्राउन या मुलीला काही काळ रॉबिन करून, मग हाकलून, मग छळ करून मारले गेले. मेलेल्या जेसनचा पोशाख बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या पेटीत मानाने ठेवलेला असतो, स्टेफनीसाठी पेटी नव्हती. ती एका भुरट्या खलनायकाची मुलगी होती आणि त्या गुहेतली पहिली मुलगी-रॉबिन. वाचक स्त्रियांनी चळवळ चालवली आणि एकच सवाल लावून धरला : तिची पेटी कुठे आहे? २००८ मध्ये स्टेफनी जिवंत परत आणली गेली, २००९ मध्ये बॅटगर्ल झाली. ज्या चाहत्यांच्या मतांनी जेसन मेला, त्याच चाहत्यांच्या जगात हेही घडले. एकेकट्याचा राग बाजार विकून खातो. संघटित, नेमका प्रश्न त्याला पचत नाही.

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. त्याही आधी १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. तेव्हा सॅम विल्सन आमचा कोण लागतो, असे कोणी विचारू नये.

अभ्यासिकेतल्या त्या पोरांना आम्ही कोण खरा कॅप्टन ते सांगितले नाही. एक काम दिले. कुठलीही गोष्ट वाचा, सिनेमा पाहा, आणि वहीत दोन रकाने करा : यात कोणाचा चांगुलपणा त्याचा स्वतःचा आहे आणि कोणाचा दुसऱ्याने दिलेला? दुसऱ्या आठवड्यात वही न बघणाऱ्या पोराने तर शाळेतल्या मराठीच्या पुस्तकातले धडेसुद्धा रकान्यांत मांडून आणले होते. दुसरा रकाना जास्त भरला होता. “हेल्पर” म्हणणारा ते बराच वेळ वाचत बसला, मग म्हणाला, “हे तर आपल्याबद्दल पण असंच बोलतात.”

ज्येष्ठ कार्यकर्ते दारात उभे होते. या वेळी ते काही बोलले नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ते पोरांच्या मागे बसले.

जय भीम!